चाळीस पावलं, अकरा सेकंद

“थांब. कान दे.”

एवढं बोलून अक्का डाव्या हाताचं पहिलं बोट वर करायची आणि समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात थांबायचा. भाजीवाली थांबायची, पोस्टमन थांबायचा. मग अक्का निकाल द्यायची. “तुझ्या सायकलचं मागलं चाक कण्हतें रे. पुढलं बरं आहे. तेल घाल.” पोस्टमन तेल घालायचा.

डावाच हात का, तर उजवा तंबोऱ्याचा. तंबोरा जवळ नसला तरी तिचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा आणि त्याची दोन बोटं आपली आपली चालायची. मी एकदा घड्याळ लावून मोजलं आहे. चार तारांचा एक फेरा, साडेतीन सेकंद. ती बोलत असो, रेशनच्या रांगेत उभी असो की डॉक्टरकडे बसलेली असो, साडेतीन.

तुम्हीही पाहिलं असेल, मैफिलीत तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. तो गाणाऱ्याच्या पाठीमागे असतो. शेवटी आभार मानताना व्हायोलिनवाल्याचं नाव घेतात, मृदंगवाल्याचं घेतात, घटमवाल्याचंही घेतात. मग माईक बंद होतो. अक्का एकतीस वर्षं तशी पाठीमागे बसली. दिवसा मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी, बाहेरगावचे गायक आले की, सभेत तंबोरा धरायची. इकडे संगीत मंडळाला सभा म्हणतात. लग्न केलं नाही. तंजावरच्या मेल वीदीत आमच्यापासून तिसरं घर तिचं.

माझा धंदा विजेचा. लग्नाचे मांडव, देवळांचे उत्सव, सभांचे कार्यक्रम. तारा ओढायच्या, दिवे लावायचे, जनरेटर उभा करायचा. त्याआधी नऊ वर्षं मी सोलापुरात एका गिरणीत इलेक्ट्रिशियन होतो. परत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून अक्का म्हणाली, “अय्यो, मराठीला इस्त्री करून आणलास की रे!” आम्हां तंजावरच्या लोकांची मराठी जुनी, चुरगळलेली आणि तमिळ चालीवर डोलणारी. माझी सरळ झाली होती. तिला ते कधी आवडलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी. मी खाली उभा राहून खिशातल्या मीटरवर विजेची फ्रीक्वेन्सी बघत होतो. ती पन्नास असावी लागते. तेव्हा संध्याकाळी भार वाढला की खाली जायची. अक्का दुधाचं भांडं घेऊन चालली होती. ती थांबली. बोट वर.

“कान दे. आज उतरला आहे.”

“कोण?”

“हा, तुझा राक्षस. घूं करतो ना? सकाळीं बाजाच्या पेटीवरल्या पांढरी पाचच्या किंचित वर असतो. आत्ता बरोब्बर पांढरी पाच. माझी चौथी तार.”

मीटरवर एकोणपन्नास होते.

मला हे पटायला दोन महिने लागले. मी वहीत एका बाजूला मीटरचा आकडा लिहायचो, दुसऱ्या बाजूला अक्काचं म्हणणं. सव्वीस वेळा नोंद केली, त्यात ती चोवीस वेळा बरोबर निघाली. उरलेल्या दोन वेळा तिला सर्दी होती. हिशेब सरळ होता. पन्नासला ट्रान्सफॉर्मर चढा. भार वाढून एकोणपन्नासला आला की तंतोतंत तिच्या खालच्या षड्जावर. वीजवाल्याच्या दृष्टीने वाईट तेवढं तिच्या दृष्टीने सुरेल. “गांव थकला की सुरांत येतो,” ती म्हणायची.

माझ्या बायकोच्या मिक्सरलाही तिने सोडलं नाही. खिडकीतून ओरडायची, “सूनबाई, चटणी बेसूर होते! नारळ कमी घाल!” आणि खरंच, भांडं गच्च भरलेलं असायचं.

तर त्या कार्यक्रमाची गोष्ट.

त्या बाई कोण, हे सांगायची गरज नाही. आमच्या भागात ‘बाई’ म्हटलं की गाण्यातली एकच बाई कळते. त्या नऊ वर्षं जाहीर गायल्या नव्हत्या. आजारी आहेत म्हणत. गळा गेला असंही म्हणत. मग एकदम बातमी आली की बाई तंजावरला गाणार, तीन तास, एकट्या, आणि सगळं टीव्हीवरून थेट दिसणार. पापनाशम आणि ओरत्तनाडूहून लोक बस भरून येणार होते. ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांनी टीव्ही दुरुस्त करून घेतले. माझ्याकडेच चार आले.

बाईंनी सभेला एकच निरोप पाठवला: तंबोऱ्याला मेल वीदीतल्या मास्तरीणबाई हव्यात. तरुणपणी दोनदा अक्का त्यांच्यामागे बसली होती. तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

अक्का तेव्हा अडुसष्ट वर्षांची. तिने तारा बदलल्या. फणसाच्या लाकडाचा भोपळा खोबरेल लावून पुसला. टीव्हीवाल्यांचा निरोप आला की पांढरं नको आणि बारीक चौकडी नको, चौकडी पडद्यावर नाचते. अक्काजवळच्या बऱ्या साड्या सगळ्या चौकडीच्या. माझ्या बायकोची जांभळी साडी तिने नेली. तयारीच्या नादात महिनाभर ती आमच्याशी नीट बोलली नाही. बोटं मात्र चालू होती, साडेतीन, साडेतीन.

कार्यक्रमाच्या दुपारी मी मांडवात तारा तपासत होतो. ध्वनीवाला पोरगेलासा होता, मद्रासहून आलेला, कानावर मोठे हेडफोन. त्याने श्रुतिपेटी जोडली. ही विजेवर चालणारी छोटी पेटी तंबोऱ्यासारखा आवाज सतत काढत राहते. न चुकता, न थकता. तिची तार त्याने थेट यंत्रात घातली. अक्कापुढे माईक ठेवलाच नाही.

मी तमिळमध्ये विचारलं, “तंबोऱ्याला?”

“पेटी आहे ना, सार. तंबोरा दिसायला. त्याला माईक दिला तर तारा लागताहेत की उतरताहेत, सगळं घुसेल.” मग अक्काकडे वळून मोठ्याने म्हणाला, “पाटी, तुम्ही फक्त छान दिसा!” पाटी म्हणजे आजी.

अक्का म्हणाली, “सरि, बरं. अडुसष्ट वर्षांत हें प्रथमच कोणी सांगितलं.” तो हसला, मीही हसलो. ती हसली नाही. तो गेल्यावर तिने मला मराठीत विचारलं, “माझा माईक कोठें रे?”

मी खोटं बोललो. “बाईंच्या माईकमध्ये येतो ना, अक्का. तू त्यांच्या पाठीमागेच तर आहेस.”

तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “येईल काय?”

“येईल.”

“ऐकूं येईल?”

“अक्का, मी वीजवाला. मला कळतं की नाही?”

ती तारा लावायला बसली. पेटी शेजारी वाजत होती आणि तरीही ती अर्धा तास तारा लावत होती.

आता माझी जागा सांगतो, कारण पुढचं सगळं त्या जागेवर अवलंबून आहे. मंच, दिवे आणि मांडवातले कर्णे गावाच्या विजेवर होते. माझा जनरेटर मागे चालू ठेवलेला. वीज गेली तर बोर्डाचं हँडल वरून खाली ओढायचं, की मंच जनरेटरवर. या कामाला तीन सेकंद. टीव्हीवाल्यांची गाडी निराळी. तिचा जनरेटर तिच्यातच, आणि बाईंपुढचा एक माईक थेट तिच्याशी जोडलेला. म्हणजे गाव काळोखात गेलं तरी गाडीचं चित्र आणि आवाज चालूच राहणार. बोर्डापाशी मी एकटा. तिथून हलायचं नाही, हा माझाच नियम.

पहिले दोन तास मी हललो नाही. बाई कशा गायल्या ते मी सांगू शकत नाही. मागून कर्ण्यांचा आवाज उलटा येतो. लोक रडत होते एवढं दिसत होतं. मग मला वाटलं, अक्का दिसते तरी कशी ते बघावं. बोर्डापासून मंचाच्या बाजूच्या बांबूपर्यंत चाळीस पावलं. मी गेलो.

ती ताठ बसली होती. जांभळी साडी, गालाजवळ तंबोऱ्याचा दांडा, बोटं चालू. आवाज येत नव्हता. पेटी सगळं भरून राहिली होती. अक्काचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हात केला. तिने भुवया उंचावून विचारलं: ऐकूं येतंय काय? मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे आज मला सांगता येत नाही. मी वळलो आणि परत निघालो. पाच-सहा पावलं गेलो असेन, तोच वीज गेली.

का गेली ते कधी कळलं नाही. मंच काळा, कर्णे गप्प. मी धावलो. खाली माझ्याच तारांचं जाळं. एकदा अडखळलो, गुडघा फुटला. मला माझे पाय ऐकू येत होते, जनरेटर ऐकू येत होता, बाकी काही नाही. हँडल ओढलं. दिवे आले. लोक टाळ्या वाजवत होते, कारण बाई थांबल्याच नव्हत्या.

टीव्हीच्या गाडीत घड्याळ असतं. त्यांनी सभेच्या सेक्रेटरीला आकडा दिला, सेक्रेटरीने मला. “अकरा सेकंद! सगळ्या देशाने अकरा सेकंद काळोख पाहिला! तू कुठे होतास?”

मी म्हणालो, “बोर्डापाशीच होतो. हँडल अडकलं.” हे त्या दिवसातलं दुसरं खोटं. सभेचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का साडी परत करायला आली. माझ्या गुडघ्यावरची पट्टी बघत बसली. मग म्हणाली, “ऐकूं आलं काय?”

“आलं, अक्का. स्पष्ट.”

तिने साडीची घडी माझ्यापुढे ठेवली. “बरं केलंस,” म्हणाली आणि उठून गेली.

मला त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, खोटं बोलून धीर दिला म्हणून म्हणाली असेल.

बाई त्यानंतर जाहीर गायल्या नाहीत. म्हणून तो कार्यक्रम मोठा झाला. दर वर्षी मार्गळीत, म्हणजे इकडच्या गाण्याच्या महिन्यात, टीव्हीवर तो पुन्हा दाखवतात. आणि दर वर्षी अक्का आमच्या दारात. “ये रे. सगळं नको. दोन तासांनंतरचं तेवढं ऐकून जा.”

मी आठ वर्षांत आठ कारणं सांगितली. एकदा पाहुणे, एकदा ताप, तीनदा कुंभकोणमला काम. खरं कारण एकच: मला माझा काळोख बघायचा नव्हता. आणि तंबोरा ऐकू येतो म्हणून मी ठासून सांगितलं होतं. तो येत नसणार, आणि तिच्या शेजारी बसून ते ऐकायचं मला जमणार नव्हतं. बायको मात्र जायची. एकदा येऊन म्हणाली, “अहो, तुमचा अंधार आला की अक्का बोट वर करते. सगळ्यांना गप्प बसवते. मग हसते.”

हसते, हे मला फार लागलं.

पुढे अक्काचे कान गेले. एकदम नाही; आधी वरचे सूर गेले, मग पोस्टमनची घंटा, मग पोस्टमन. भाच्याने बेंगळुरूहून यंत्र पाठवलं. ते तिने आठवडाभर लावलं. “हें लावलं की सगळा गांव पत्र्याचा होतो रे,” म्हणाली आणि डब्यात ठेवून दिलं. मग ती वस्तूंना हात लावून ऐकायला लागली. आमच्या फ्रिजवर तळहात ठेवून उभी राहायची. तंबोरा वाजवताना भोपळा पोटाशी घट्ट धरायची. बोट वर करायची सवय तशीच राहिली, फक्त आता निकाल आम्हाला विचारायची. “ऐकूं येतंय काय? कसा आहे?”

“राक्षस कितींवर?” हे तर रोजचं. मी वहीत आकडा लिहून दाखवायचो. आता ग्रिड सुधारली आहे, उतरत नाही. ५०.०. ४९.९८. ५०.०१.

“मग जुळत नाही आतां,” ती म्हणायची.

शेवटच्या वर्षी एका सकाळी मी तिला औषध द्यायला गेलो. ती पलंगावर बसली होती, उजवा हात मांडीवर. आपणहून म्हणाली, “तुझं सभेचं काम गेलं, माझ्यापायीं. मीं कोणाला सांगितलं नाही हो.”

 तिने मला बांबूपाशी पाहिलं होतंच. म्हणजे तिला माहीत होतं की मी बोर्ड सोडून गेलो होतो. इतकी वर्षं तिने ते झाकलं. मी तिच्यापुढे खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तंबोऱ्याला माईक नव्हता ते, मी बोर्ड सोडून चाळीस पावलं गेलो ते, सेक्रेटरीशी खोटं बोललो ते. “चूक झाली, अक्का,” म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकल्यासारखं केलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “सरि सरि. जेवून जा.”

तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. वही टेबलावर होती. मी ती उचलली नाही.

ऐप्पसीच्या, म्हणजे इकडच्या दिवाळीच्या महिन्यातल्या, पावसात अक्का गेली. भाचा आला, तेरा दिवस राहिला, घराला कुलूप लावून गेला. जाताना तंबोरा आमच्याकडे ठेवला. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणाला. तारा उतरवून, गवसणी घालून तो आमच्या कोपऱ्यात उभा आहे. मोठी गाडी रस्त्यावरून गेली की गवसणीच्या आत काहीतरी झणकतं. पहिला महिनाभर मी दर वेळी वाक्याच्या मध्यात थांबत होतो.

मग मार्गळी आली. नववं वर्ष. दारात कोणी आलं नाही. बायकोने टीव्ही लावला. मी मागे उभा राहिलो आणि मग बसलो.

दोन तास पेटी वाजत होती, तंबोरा दिसत होता. मला वाटलं होतं तसंच. मग बाईंनी वरचा षड्ज घेतला आणि पडदा काळा झाला.

पेटी बंद पडली होती. अर्थात पडणार, ती विजेवर. मी जन्मभर वीज विकली आणि हा एवढा हिशेब मी कधी केला नाही. गाडीचा माईक चालू होता. काळ्या पडद्यात बाईंचा लांब धरलेला सूर होता, आणि त्याच्याखाली, मागून, चार तारा. एक, दोन, तीन, आणि ती चौथी, खालची. साडेतीन सेकंद. पुन्हा. पुन्हा. बाई त्या तारांवर उभ्या होत्या. साथवाले काळोखात थबकले होते, दुसरं काही उरलंच नव्हतं. तीन पुरे फेरे झाले, चौथ्याची पहिली तार वाजली, आणि दिवे आले. पेटी पुन्हा सगळ्यावर पसरली.

दिवे आले तेव्हा कॅमेरा बाईंवर होता. त्यांच्या खांद्यामागे अक्का. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती मंचाच्या बाजूला, बांबूकडे, बघत होती. तिथे मी नव्हतो. तिचा डावा हात वर होता, पहिलं बोट वर, आणि ती हसत होती.

बायको म्हणाली, “अहो, काय झालं?”

मला आता कळत होतं. अक्काने मला बांबूपाशी पाहिलं. ऐकू येतं का विचारलं. मी मान हलवली, पाठ फिरवून बोर्डाकडे निघालो, आणि वीज गेली. एवढंच तिने पाहिलं. माईक नाही हे तिला दुपारीच कळलं होतं. जिला ट्रान्सफॉर्मरचा अर्धा आकडा कळतो तिला हे कळणार नाही? आणि मग काळोख. तिची समजूत अशी झाली की मी जाऊन तो केला. तिच्यासाठी. अकरा सेकंद, मोजून, आणि त्यापायी काम घालवलं.

बरं केलंस, म्हणाली होती. आणि आठ वर्षं दारात येत होती, की मी केलेलं मी एकदा ऐकावं.

मी केलं नव्हतं. हे तिला सांगायला आता कोणी नाही, आणि खरं सांगतो, ती असती तरी मी वही उचलली असती की नाही, माहीत नाही.

तो कार्यक्रम आता फोनवर मिळतो. तेवढा तुकडा मी काढून ठेवला आहे. फोनचा आवाज बारीक. घरात फ्रिज असतो, पंखा असतो, मिक्सर असतो, आणि तंबोरा त्यांच्याखाली बुडतो. म्हणून रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी जिन्याखाली जातो आणि घराचा मेन स्विच खाली ओढतो. बायको आता कारण विचारत नाही. पंखा हळूहळू थांबतो. मी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याजवळ बसतो आणि फोन कानाला लावतो.

तीन फेरे, आणि चौथ्याची पहिली तार.

मग फोन खाली ठेवतो. घर गप्प असतं. मी लगेच उठत नाही, कारण तेवढ्या वेळात बाहेरचा ट्रान्सफॉर्मर ऐकू येतो. मीटर न काढता आता मलाही कळतं. पन्नास. किंचित चढा.